बारावा घटक आणि काचेची नळी

रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी एखादं शरीरात नसेल, तर त्या माणसाला रक्तस्रावाचा त्रास होणारच, असं आपण धरून चालतो. हिमोफिलियाने ही समजूत पक्की केली आहे. आठवा घटक नसलेल्या मुलाच्या गुडघ्यात साध्या धडपडण्यानेही रक्त साचतं, दात काढला तर रक्त थांबता थांबत नाही. नववा घटक नसला तरी हेच हाल. बारावा घटक मात्र या नियमात बसत नाही. ज्यांच्या रक्तात तो जवळजवळ शून्य असतो त्यांना शस्त्रक्रियेत, बाळंतपणात किंवा अपघातात चारचौघांपेक्षा जास्त रक्तस्राव होत नाही. आणि तरीही त्यांचंच रक्त काचेच्या नळीत घेतलं, तर ते कितीतरी वेळ पातळच राहतं. या विसंगतीतून माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो: बारावा घटक रक्त गोठण्याची सुरुवात करतो हे नळीपुरतं खरं आहे, जखमेत ही सुरुवात दुसरंच प्रथिन करतं. वैद्यकाने कित्येक दशकं नळीतला क्रम हाच शरीरातला क्रम मानला. त्या गैरसमजाची किंमत शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांमध्ये रुग्ण आजही मोजतात, कधी पुढे ढकललेल्या तारखेच्या रूपात, तर कधी विनाकारण चढवलेल्या प्लाझ्माच्या रूपात.

या घटकाचा शोध लागला तोही अशाच एका तपासणीत. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये जॉन हेगमन नावाच्या सदतीस वर्षांच्या रेल्वे ब्रेकमनचं रक्त शस्त्रक्रियेपूर्वी नेहमीप्रमाणे तपासलं गेलं. ते नळीत गोठायला फारच वेळ लागला. हेगमनला मात्र पूर्वी कधी जास्त रक्तस्राव झालेला नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ या रक्तविज्ञान तज्ज्ञाने हे प्रकरण हातात घेतलं आणि १९५५मध्ये जोन कोलोपी यांच्यासह त्यावर शोधनिबंध लिहिला. तोवर माहीत असलेल्या घटकांपैकी एकही हेगमनच्या रक्तात कमी नव्हता. कमी होतं ते एक अनोळखी प्रथिन. त्याला आधी हेगमन घटक म्हणू लागले, पुढे क्रमांकांची पद्धत रूढ झाल्यावर तो बारावा घटक झाला. रॅटनॉफने नंतर दाखवून दिलं की आपल्या रक्ताला काच लागली की गोठण्याची जी घाई सुटते, ती याच प्रथिनामुळे. हे कळल्यावर एका जुन्या कोड्याचं उत्तर मिळालं. परक्या पृष्ठभागाला लागलं की रक्त लवकर गोठतं, हे जोसेफ लिस्टरने १८६३मध्येच रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात मांडलं होतं. नळीला आतून मेणाचा किंवा सिलिकोनचा लेप दिला तर तेच रक्त बराच वेळ पातळ राहतं, हेही प्रयोगशाळांना ठाऊक होतं. हेगमनच्या रक्ताला काच ‘जाणवतच’ नव्हती. साध्या नळीतही ते लेप दिलेल्या नळीत असल्यासारखं वागत होतं.

काचेच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. यकृतात तयार होऊन रक्तात निष्क्रिय रूपात फिरणारं हे प्रथिन अशा पृष्ठभागाला चिकटलं की त्याची घडी बदलते आणि ते कापाकापी करणारं विकर बनतं. पहिल्यांदा ते प्रीकॅलिक्रीन नावाच्या शेजारच्या प्रथिनाला कापतं. त्यातून सुटलेलं कॅलिक्रीन उलट बाराव्या घटकाचे आणखी रेणू जागे करतं, आणि प्रतिक्रिया भराभर वाढत जाते. जागा झालेला बारावा घटक अकराव्याला जागं करतो, अकरावा नवव्याला, नववा आठव्याच्या मदतीने दहाव्याला, दहावा पाचव्याच्या मदतीने प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन करतो, आणि थ्रॉम्बिन विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे काढतं. गुठळीची वीण ती हीच. १९६४मध्ये इंग्लंडमध्ये मॅकफर्लेनने ‘नेचर’मध्ये आणि अमेरिकेत डेव्ही व रॅटनॉफ यांनी ‘सायन्स’मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, जवळजवळ हाच क्रम प्रसिद्ध केला. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर कोसळत जाणाऱ्या धबधब्याचं ते चित्र इतकं देखणं होतं की वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत ते कायमचं ठाण मांडून बसलं. त्याच्या अगदी वरच्या टोकाला बारावा घटक होता.

ज्या तपासणीमुळे हे चित्र टिकून राहिलं ती जरा जवळून पाहायला हवी. डॉक्टर जिला ‘एपीटीटी’ म्हणतात, तिच्यासाठी फिकट निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात. नळीत सोडियम सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग या प्रमाणात. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि गोठणं तिथेच थांबतं. मग नळी यंत्रात फिरवून लाल पेशी खाली बसवतात आणि वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा काढतात. त्यात फॉस्फोलिपिड आणि एखादा ‘जागं करणारा’ पदार्थ घालतात. तो केओलिन, म्हणजे चिनी मातीची बारीक पूड असू शकतो, सिलिका असू शकतो किंवा एलॅजिक आम्ल. ३७ अंश तापमानाला काही मिनिटं हे मिश्रण ठेवलं की बारावा घटक त्या कणांवर बसून कामाला लागतो. मग कॅल्शियम घालून घड्याळ सुरू करतात. निरोगी माणसात साधारण २५ ते ३५ सेकंदांत गुठळी होते. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी वेगळी असते. पण बारावा घटक नसेल, तर हा आकडा शंभराच्याही पुढे जाऊ शकतो. इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. या तपासणीत गोठण्याची ठिणगी मातीच्या पुडीने टाकलेली असते. माणसाच्या नसेत चिनी माती नसते.

मग जखमेत ठिणगी कोण टाकतं? रक्तवाहिनीच्या भिंतीच्या बाहेरच्या थरांतल्या पेशींवर ‘टिश्यू फॅक्टर’ नावाचं प्रथिन असतं. वाहिनी शाबूत असते तोवर रक्ताचा आणि त्याचा संबंधच येत नाही. ती फाटली की रक्तातला सातवा घटक त्याला येऊन चिकटतो आणि गोठणं सुरू होतं. हा मार्ग १९६४मध्येही माहीत होता. पण तो धबधब्याच्या बाजूने येणारी दुय्यम वाट मानला जाई. त्याला मुख्य स्थान मिळालं ते पुढच्या पुराव्यांमुळे. १९७७मध्ये ऑस्टेरुड आणि रॅपापोर्ट यांनी दाखवलं की टिश्यू फॅक्टर आणि सातवा घटक यांची जोडी थेट नवव्या घटकालाही जागं करते. म्हणजे नवव्यापर्यंत पोहोचायला बाराव्याची आणि अकराव्याची पायरी चढावीच लागत नाही. १९९१मध्ये त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आली. थ्रॉम्बिन स्वतःच मागे वळून अकराव्या घटकाला जागं करतं. त्यामुळे अकराव्यालाही बाराव्याच्या आदेशाची वाट पाहायची गरज उरली नाही. धबधब्याचं वरचं टोक असं हळूहळू रिकामं होत गेलं.

सगळ्यांत ठसठशीत पुरावा मात्र रुग्णांच्या अनुभवात आहे, आणि तो प्रयोगशाळेबाहेरचा आहे म्हणून मला तो जास्त मोलाचा वाटतो. बारावा घटक, प्रीकॅलिक्रीन आणि त्याला धरून ठेवणारं मोठं किनिनोजेन, या तिघांपैकी काहीही नसलं तरी एपीटीटी खूप लांबतो. रक्तस्राव मात्र होत नाही. अकरावा घटक नसेल तर कधी होतो, कधी नाही, आणि झाला तर बहुधा तोंडात, नाकात किंवा मूत्रमार्गात शस्त्रक्रिया झाल्यावर. नववा किंवा आठवा नसेल तर गंभीर होतो. धबधब्याच्या टोकाशी असलेल्या घटकापासून खाली येत जावं, तसा धोका वाढत जातो. सुरुवात खरोखरच टोकाशी होत असती तर वरचा घटक नसणं सगळ्यांत घातक ठरलं असतं. उलट टिश्यू फॅक्टर पूर्णपणे नसलेला माणूस आजवर वैद्यकाला भेटलेला नाही. ज्या उंदरांमधून त्याचं जनुक काढून टाकलं, त्यांचे बहुतेक गर्भ आईच्या पोटातच दगावले, हे १९९६मध्ये प्रसिद्ध झालं. बारावा घटक नसलेले उंदीर मात्र जन्मतात, वाढतात, त्यांना पिल्लं होतात, आणि शेपटी कापली तर त्यांचं रक्त इतर उंदरांइतक्याच वेळात थांबतं.

यावर पहिला आक्षेप उत्क्रांतीचा घेतला जातो. रक्त गोठवण्यासाठी गरज नसेल, तर शरीराने हे प्रथिन कोट्यवधी वर्षं सांभाळलं कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तराचा पहिला भाग असा की काही प्राण्यांनी ते सांभाळलेलंच नाही. देवमासे आणि डॉल्फिन यांच्या रक्तात ते नसतं, हे १९६९पासून माहीत आहे. पुढे देवमाशांच्या जनुकाचे अवशेष निकामी अवस्थेत सापडले. पक्ष्यांमध्येही ते नाही. पाळीव मांजरांमध्ये त्याची कमतरता पशुवैद्यांना बऱ्याचदा आढळते आणि ती मांजरं बिनघोर बागडतात. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. बारावा घटक कॅलिक्रीन मोकळं करतो आणि कॅलिक्रीन किनिनोजेनमधून ब्रॅडिकिनिन नावाचा छोटा रेणू कापून काढतं. ब्रॅडिकिनिन रक्तवाहिन्या सैल करतो आणि त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपू देतो. दाह, सूज, रक्तदाब हे या रेणूचं राज्य आहे. गोठवण्याशी त्याचं नातं दूरचं.

हे केवळ पुस्तकी नाही, हे २००७-०८मध्ये फार वाईट रीतीने सिद्ध झालं. चीनमधून आलेल्या कच्च्या मालापासून बनवलेल्या हेपॅरिनमध्ये जास्तीचे सल्फेट गट जोडलेलं कॉन्ड्रॉइटिन मिसळलं गेलं होतं. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध, डायलिसिसमध्ये रोज वापरलं जाणारं. भेसळीचं इंजेक्शन मिळालेल्या रुग्णांचा रक्तदाब काही मिनिटांत कोसळला, श्वास कोंडला, आणि अमेरिकेत मृत्यूही झाले. संशोधकांनी शोध घेतला तेव्हा कळलं की ऋणभाराने भरलेला हा भेसळीचा रेणू काचेसारखाच बाराव्या घटकाला चेतवत होता. त्यातून रुग्णांच्या शरीरात ब्रॅडिकिनिनचा पूर आला. इथे बारावा घटक शरीरातच पुरेपूर जागा झाला होता, आणि त्या रुग्णांच्या जिवावर उठला तो कोसळलेला रक्तदाब. याला जोड म्हणून एक आनुवंशिक आजारही पाहता येतो. बाराव्या घटकाच्या जनुकातल्या एका बदलामुळे तो वाजवीपेक्षा सहज जागा होतो. हा बदल असलेल्या लोकांना, त्यातही विशेषतः स्त्रियांना, चेहऱ्यावर, ओठांवर, घशात वारंवार सूज येते आणि श्वासनलिका बंद होण्याची भीती असते. त्यांच्या नसांत गुठळ्यांचा सुकाळ होत नाही. आनुवंशिक सूज येणाऱ्या रुग्णांसाठी बाराव्या घटकालाच अडवणारं गॅराडॅसिमॅब हे औषध २०२५मध्ये मंजूर झालं, आणि ते सूज टाळण्यासाठी वापरलं जातं. हे पुरावे एकत्र ठेवले की या प्रथिनाचा मूळ व्यवसाय कोणता, याबद्दल माझ्या मनात फारशी शंका उरत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. जॉन हेगमन १९६८मध्ये वारला तो फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीमुळे, कामावर झालेल्या अपघातानंतर. ज्याच्या नावाने ‘न गोठणारं रक्त’ प्रसिद्ध झालं, तो गुठळीने गेला. यावरून काहींनी असा तर्क केला की बारावा घटक गुठळ्या विरघळवतो आणि तो नसणं धोक्याचं आहे. एका माणसाच्या मृत्यूवरून एवढं मोठं विधान करणं मला पटत नाही. गंभीर अपघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या कुणालाही अशी गुठळी होऊ शकते. त्या मृत्यूने सिद्ध होतं ते एवढंच, की बाराव्या घटकाशिवायही शरीरात प्राणघातक गुठळी तयार होऊ शकते. माझ्या मूळ मुद्द्याला हे पूरकच आहे.

खरी अडचण २००५मध्ये आली. जर्मन संशोधकांनी दाखवलं की बारावा घटक नसलेल्या उंदरांच्या धमनीला रसायनाने इजा केली, तर गुठळी नीट वाढत नाही, तुकडे होऊन वाहून जाते. जखमेतलं रक्त थांबतं आणि वाहिनी बंद करणारी गुठळी मात्र टिकत नाही. म्हणजे जखम बुजवणं आणि नस तुंबवणं या दोन वेगळ्या क्रिया असू शकतात, आणि दुसरीत बाराव्या घटकाचा हात असू शकतो. प्लेटलेटमधून बाहेर पडणारे पॉलिफॉस्फेटचे धागे तिथे काचेची भूमिका बजावतात, असं २००९मध्ये मांडलं गेलं. हे संशोधन मी महत्त्वाचं मानतो, तरी त्यावरून धबधब्याचं जुनं टोक परत बसवता येत नाही. माणसांमध्ये या कल्पनेला बळ मिळालं ते अकराव्या घटकाच्या बाबतीत. २०१५मध्ये गुडघेबदल शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये अकराव्या घटकाचं उत्पादन कमी करणारं औषध मोठ्या मात्रेत दिल्यावर गुठळ्या झालेल्यांचं प्रमाण ४ टक्के राहिलं. नेहमीचं इनॉक्सापॅरिन दिलेल्यांमध्ये ते ३० टक्के होतं, आणि रक्तस्राव वाढला नाही. पण अकराव्या घटकालाच अडवणारं आणखी एक औषध, असुंडेक्सियन, हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत पक्षाघात टाळण्यात एपिक्साबॅन या प्रचलित औषधापेक्षा कमी पडलं आणि २०२३मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. बाराव्या घटकाबद्दल माणसांमधला पुरावा याहूनही तोकडा आहे. तो जन्मतः कमी असलेल्या लोकांना गुठळ्यांपासून लक्षणीय संरक्षण मिळाल्याचं दिसलेलं नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: मग एपीटीटी ही तपासणीच कुचकामी का? अजिबात नाही. आठव्या आणि नवव्या घटकाची उणीव तीच पकडते, हेपॅरिनची मात्रा ठरवायला ती लागते. दोष तपासणीचा नाही, एका आकड्यावरून माणसाचा धोका ठरवण्याचा आहे. लांबलेल्या एपीटीटीच्या मागे हिमोफिलिया असू शकतो, बाराव्या घटकाची निरुपद्रवी कमतरता असू शकते, किंवा ल्युपस अँटिकोॲग्युलंट नावाची प्रतिपिंडं असू शकतात. ही प्रतिपिंडं नळीत गोठणं लांबवतात आणि शरीरात नेमक्या गुठळ्या करतात, गर्भपातही घडवतात. तीन रुग्ण, एकच आकडा, आणि तिघांचे धोके तीन वेगळ्या दिशांचे. पुढची पायरी फार अवघड नाही. रुग्णाचा प्लाझ्मा निरोगी प्लाझ्मात निम्मानिम्मा मिसळून तपासणी पुन्हा केली की कमतरता आहे की प्रतिपिंडं, ते बरंचसं उलगडतं. त्यानंतर एकेका घटकाचं प्रमाण मोजता येतं. मुंबईत केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीसारख्या ठिकाणी हे काम वर्षानुवर्षं होत आलं आहे.

आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांत परिस्थिती अजून जुनी आहे. तिथे शस्त्रक्रियेआधी ‘बीटी-सीटी’, म्हणजे रक्त थांबण्याच्या आणि गोठण्याच्या वेळेची तपासणी, करून आणायला सांगतात. सीटीसाठी बोटाला टोचून काचेच्या बारीक नळीत रक्त घेतात आणि अर्ध्या अर्ध्या मिनिटाने नळीचा तुकडा मोडून पाहतात. दोन तुकड्यांमध्ये रक्ताचा धागा ताणलेला दिसला की वेळ लिहितात. ही तपासणी इतकी ढोबळ आहे की सौम्य हिमोफिलिया तिच्यातून सहज निसटतो, आणि ती पुन्हा काचेवरच चाललेली असते. याउलट ‘दात काढला तेव्हा रक्त किती वेळ चाललं? पाळीत किती जातं? घरात कुणाला असा त्रास आहे?’ हे प्रश्न फुकट आहेत आणि जास्त सांगतात. ब्रिटिश रक्तविज्ञान तज्ज्ञांच्या २००८च्या मार्गदर्शक सूचनांनीही सरसकट तपासण्यांऐवजी रक्तस्रावाचा इतिहास नीट विचारण्यावर भर दिला. हा सल्ला आपल्या छोट्या रुग्णालयांनी उचलावा, असं मला मनापासून वाटतं. पैसे वाचतील हे तर आहेच. खरा हिमोफिलियाचा रुग्ण वेळेत सापडेल, हे त्याहून मोठं.

तरीही एका ठिकाणी नळीतलं सत्य आणि शरीरातलं सत्य एकत्र येतात. आधुनिक उपचारांनी रक्ताला पुन्हा परक्या पृष्ठभागांवर आणून ठेवलं आहे. डायलिसिसच्या गाळण्या, शिरेतले कॅथेटर, हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्या, या सगळ्यांवरून रक्त तासन्‌तास वाहतं. तिथे बारावा घटक तेच करतो जे तो काचेवर करत होता. २०१४मध्ये सशांवरच्या प्रयोगात बाराव्या घटकाला अडवणारं प्रतिपिंड देऊन शरीराबाहेरचं रक्ताभिसरण चालू ठेवता आलं; गुठळ्या हेपॅरिनइतक्याच टळल्या आणि जखमांमधून होणारा रक्तस्राव मात्र वाढला नाही. हृदयशस्त्रक्रियेच्या टेबलावर या घटकाची कमतरता असलेला रुग्ण आला, तर भूलतज्ज्ञापुढे वेगळाच पेच उभा राहतो. यंत्र सुरू करण्यापूर्वी हेपॅरिन पुरेसं झालं की नाही हे ‘एसीटी’ने पाहतात, आणि तीही केओलिनसारख्याच पदार्थांवर चालते. या रुग्णात हेपॅरिनचा थेंब देण्याआधीच तिचा आकडा वाढलेला असतो. त्यावर विश्वास ठेवला, तर हेपॅरिन कमी पडून यंत्राच्या नळ्यांत गुठळ्या होण्याचा धोका असतो. म्हणून अशा वेळी एसीटी बाजूला ठेवून दहाव्या घटकाला अडवण्याच्या क्षमतेवरून रक्तातलं हेपॅरिन थेट मोजतात, आणि मात्रा त्यावरून ठरवतात.